गुरवाचा पगार

१ नोव्हेंबर १९३६, रविवार

वर्ग आज सुरू झाला. सुरू झाला असे लिहिले खरे, पण नक्की काय सुरू झाले ते मला सांगता येत नाही.

खोतांच्या पडवीत तेवीस माणसे बसली होती. रत्नागिरीहून फोटोवाला बोलावला होता. खोत मध्ये खुर्चीवर, मी त्यांच्या मागे, राज्यकारभाराची छापील पुस्तिका छातीशी धरून. "नव्या कायद्याने कारभार रयतेच्या हाती येणार, तर रयतेने तो शिकला पाहिजे," असे खोत म्हणाले. फोटो निघाला. फोटोवाल्याने सामान उचलले तशी चौदा माणसे उठून गेली. ती खोतांच्या बागेतली गडीमाणसे, त्यांना कामावर जायचे होते. खोतही गेले. लोकल बोर्डाच्या निवडणुकीचे कागद त्यांना पाहायचे होते. नऊ माणसे उरली.

ठरले आहे ते असे. दर रविवारी वर्ग, इतर दिवशी खोतांची पत्रे लिहायची. जेवण त्यांच्याकडे, राहायला पडवीच्या टोकाची खोली. खोत बोर्डावर निवडून आले की जूनपासून शाळेत मास्तरची जागा. मी त्यांना सांगितले आहे की मी मॅट्रिकला बसणार आहे. बसणार आहे हे खोटे नाही. मात्र इंग्रजी पाचवीत नापास होऊन रत्नागिरीत मांडवीला घरी बसलो त्याला चार वर्षे झाली, हे सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही.

पुस्तिका चाळीस पानांची आहे. मी ती दोनदा उतरून काढली आहे, म्हणजे मध्येच अडखळणार नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

आज राज्यकारभाराची तीन अंगे. एक कायदे करणारे, दुसरे अंमल करणारे, तिसरे न्याय देणारे. तिघे वेगळे असावेत, हे सुराज्याचे लक्षण. हे मी सावकाश आणि स्पष्ट सांगितले.

शिवा नावाचा शेतकरी आहे, तीस-बत्तीसचा, बोलायला पुढे. तो म्हणाला, "मास्तर, शेतसारा वसूल करतो कोन?"

मी म्हटले, मामलेदार.

"आनि सारा थकला तर आमाला कचेरीत उभा करून दंड करतो कोन?"

मी म्हटले, मामलेदारच.

"मंग ही दोन अंगा झाली की एक?"

मी पुस्तिका चाळली. पान सतरा ते एकवीस. त्यात मामलेदार नाही. मी म्हटले, पुढच्या रविवारी सांगतो. गुलाम रसूल म्हणून खाडीकाठच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे गृहस्थ येतात, तीस वर्षे जहाजावर होते. ते हसले. म्हणाले, "जहाजार पन असाच असता बाबा. कप्तानच पकडतो, कप्तानच बेडी घालतो. फक्त तो पुस्तक नाय छापीत."

खोतांना विचारावे असे वाटले, पण विचारले नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

मागच्या रविवारी दिवाळीमुळे वर्ग नव्हता, त्यामुळे मामलेदाराचा प्रश्न आपोआप मागे पडला. बरे झाले.

आज मात्र नवीनच निघाले. तुळसा नावाची विधवा बाई शिवाच्याच खालच्या वाडीतली आहे. ती आत बसत नाही, पडवीखाली जोत्याच्या पायरीवर बसते, शेजारी रिकामी कळशी. वर्गाच्या मधोमध म्हणाली, "न्यायाचा धडा कधी हाय?"

मी म्हटले, पुढच्या रविवारी. का?

मग हळूहळू कळले ते लिहून ठेवतो. खालच्या वाडीला पाणी एकाच झऱ्याचे. झऱ्याकडे जाणारी जुनी वाट खोतांनी गेल्या वैशाखात जांभ्याच्या दगडांचा गडगा घालून बंद केली, कारण तिथे त्यांनी आंब्याची नवी कलमे लावली. आता बायका वरच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, डोंगराला वळसा घालून जातात. एका खेपेला पाऊण तास जास्त. तुळसेच्या सुनेला सातवा महिना आहे आणि तीही जाते.

"मग दाद मागितली नाही का?" मी विचारले.

"मागितली की. देवाकडं," शिवा म्हणाला. "कौल लावला. डावा दिला. देव म्हनला, वाट बंदच असू दे."

कौल मला ठाऊक आहे. ग्रामदेवतेच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावाची वाट, पाणी, देवाचे मान, असले सगळे इथे कौलाने ठरते. कोर्टात कोणी जात नाही.

"कौल तुम्ही पाहिलात?" मी विचारले.

"आमी भायेर होतंव. दार लोटलेला," तुळसा म्हणाली. "आत गुरव नि खोत."

२९ नोव्हेंबर, रविवार

आजचा धडा मी चांगला तयार केला होता, म्हणून जास्त वाईट वाटते.

न्यायाधीशाने कोणाची भीड धरू नये, म्हणून तीन गोष्टी केलेल्या असतात, असे मी सांगितले. पहिली, हायकोर्टाच्या न्यायाधीशाचा पगार एकदा ठरला की मध्येच कमी करता येत नाही. दुसरी, निकाल आवडला नाही म्हणून त्याला काढता येत नाही, साठ वर्षांचा होईपर्यंत तो आपल्या जागी असतो. तिसरी, काम उघड्या दारी चालते, कोणीही येऊन पाहावे.

मला वाटले, समजले नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. तुळसेने हात वर केला.

"गुरवाला भात कोन देतो?"

मी म्हटले, गुरवाचा इथे संबंध नाही.

"खोत देतात," शिवा म्हणाला. "सालाचा अडीच मन. मनात आला तर दोन मन."

"म्हंजे पगार कापता येतो," तुळसा म्हणाली. "नि दार लोटलेला."

महिपत गुरव स्वतः तिथेच होते. गेले दोन रविवार ते अंगणातल्या फणसाखाली उकिडवे बसून ऐकतात, वर येत नाहीत. सगळ्यांनी तिकडे पाहिले. ते म्हणाले, "माज्याकडं काय बघताव. मी बासष्टचा हाय. साठ झाली, मास्तरच्या कायद्यानं मी सुटलंव."

सगळे हसले. मीही हसलो, मग वाटले हसायला नको होते. मी निक्षून सांगितले की गुरव हा न्यायाधीश नव्हे, कौल म्हणजे कोर्ट नव्हे, पुस्तिकेत असे काही नाही.

"मंग निकाल कोन देतो?" तुळसेने विचारले.

मी म्हटले, देव.

"देवाला कोन कापनार," ती म्हणाली. "पाकळ्या लावनाऱ्याचा म्हनतंव आमी." मग जाताना, अगदी सहज, "तुमी कोनाच्या घरचा जेवताव, मास्तर?"

मी पुस्तिका मिटली. उत्तर तिला माहीत आहे. मग विचारले कशाला?

१३ डिसेंबर, रविवार

मी खालच्या वाडीच्या माणसांना थांबवायला गेलो होतो आणि साक्षीदार होऊन परत आलो.

खालच्या वाडीच्या सतरा घरांनी नव्या भातातून थोडे थोडे काढून देवळासमोर आणले. गुरवाला वर्षाचे अडीच मण आधीच द्यायचे, म्हणजे ते खोतांच्या भातावर राहणार नाहीत. माप कोणी धरायचे यावर वाद झाला. शेवटी गुलाम रसूलना बोलावले. शिवा म्हणाला, "चाचांना ना आपल्या देवाचा भ्या, ना खोताचा. तेच मोजूदेत." चाचा म्हणाले, "माका भ्या फक्त बायकोचा." त्यांनी पायली धरली. खोतांच्या घरी भात घेताना मापावर शीग लावतात, म्हणजे कडेच्या वर ढीग चढवतात, ती मी रोज पाहतो. चाचांनी प्रत्येक पायलीवर तळहात फिरवून कड सपाट केली आणि मोठ्याने आकडा म्हटला. मला लिहायला सांगितले. मी लिहिले. आकडे बरोबर आहेत.

महिपत गुरव बाजूला उभे होते. म्हणाले, "या भातानं उजवाच पडंल असा समजू नका हां."

"समजत नाय," तुळसा म्हणाली. "पन दार उघडा ठेवा. नि दोनी पाकळ्या एकाच तांब्यात बुडवा."

खोतांना कळेल म्हणून मी घाबरत घाबरत जेवायला गेलो. त्यांना आधीच कळले होते. ते म्हणाले, "देवळाला भात दिलं? उत्तम. माझे अडीच मण वाचले." आणि आमटी वाढायला सांगितली. मला त्यांचा चेहरा वाचता आला नाही.

२७ डिसेंबर, रविवार

कौल झाला. सकाळी, दार उघडे, सारा गाव सभामंडपात आणि बाहेर. एकाच तांब्यातले पाणी. चाचा बाहेर पायरीखाली उभे होते, तिथून त्यांना सगळे दिसत होते.

गाऱ्हाणे झाले, "जुनी वाट मोकळी करायची असंल तर उजवा दे महाराजा." सगळे "व्हय महाराजा" म्हणाले, मीही म्हणालो. मग वाट पाहिली. माझी नजर डाव्या पाकळीवर होती, ती हलत नव्हती. मी डोळे पुसले. पुन्हा पाहिले तर ती पडलेली होती.

डावा. वाट बंदच.

मला रडू येईल असे वाटले. मी हे सगळे केले, असे मनात आले. मी पुस्तिका वाचली नसती तर निदान भात तरी घरात राहिले असते.

शिवा उठला. म्हणाला, "भात परत घ्या. सतरा घरांचा भात." दोघे-तिघे त्याच्यामागे उठले. महिपत गुरव घरी गेले आणि टोपली घेऊन आले, पहिली टोपली. पायरीवर ठेवली.

तुळसा उठली. तिने टोपली उचलून गुरवाच्या हातात परत दिली.

"घेऊन जा घरी."

"पन कौल तुमच्या विरुद्ध पडलाय," गुरव म्हणाले.

"म्हनून कापायचा नाय. मास्तरनी सांगितलाय," आणि शिवाकडे वळून, "तू काय खोत झालास? आवडला तर पूर्न, नाय आवडला तर कमी?"

शिवा खाली बसला. टोपली परत गेली.

खोत पुढे आले. खूश होते. "बघा, हाच खरा कौल," ते म्हणाले. "उघड्या दारी, सर्वांसमक्ष. यापुढे गावात कौल घ्यायचा तो असाच. मी शब्द देतो." मला म्हणाले, "हे लिहून ठेव, विठू." ते लिहून ठेवत आहे.

मी तुळसेला विचारले, तुम्ही हरलात, तरी असे का? ती म्हणाली, "गेल्या खेपेला हरलो की हरवला, ते कळला नव्हता. आता कळला." आणि कळशी घेऊन वरच्या पाखाडीकडे गेली.

कळले म्हणते. मला कळले नाही.

७ फेब्रुवारी १९३७, रविवार

दीड महिना लिहिले नाही. वर्ग चालू आहे. आता अठरा माणसे येतात, पण मी शिकवतो ते ऐकतात की दुसरेच काही ऐकतात, हे समजत नाही. तुळसेच्या सुनेला मुलगा झाला.

काल वरच्या पाखाडीला दगड आले. खोतांना डोंगराच्या त्या अंगालाही कलमे लावायची आहेत. गडगा तिकडे वाढला की झऱ्याला एकही वाट उरत नाही, खालच्या वाडीला नदीच्या खारट डबक्यावर जावे लागेल. उन्हाळा पुढे आहे.

शिवा भांडायला निघाला होता. वर्गातलेच एक म्हणाले, गावाची वाट आहे, कौलाशिवाय बंद करता येत नाही. हे खोतांना मीच सांगावे असे ठरले. मी जेवताना सांगितले. ते म्हणाले, "अर्थात. कौल घेऊ. देव माझ्या बाजूचाच आहे." आणि हसले. मला वाटते, त्यांना तसे खरेच वाटते.

२१ फेब्रुवारी, रविवार

कौल झाला. दार उघडे, एकच तांब्या, सारा गाव. या वेळी गाऱ्हाणे खोतांच्या बाजूचे होते, "वरची पाखाडी गडग्यात घ्यायची असंल तर उजवा दे."

डावी पडली. लगेच. मी डोळे मिटायच्या आत.

कोणी ओरडले नाही. मला ते विचित्र वाटले. खोत म्हणाले, "पाकळी नीट लागली नव्हती. पुन्हा लाव." महिपत गुरव हात जोडून म्हणाले, "एक गाऱ्हाना, एक कौल. तुमीच शब्द दिलाव, साहेब."

"माझं भात खाऊन मोठा झालास," खोत म्हणाले.

"व्हय. पन औंदा नाय खाल्ला," गुरव म्हणाले. रागाने नाही, साधेच म्हणाले.

खोतांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

२२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी खोतांनी मला ओटीवर बोलावले. कागद, दौत, टाक समोर होते.

"खालच्या वाडीने गुरवाला अडीच मण भात दिलं. ही लाच आहे. तू साक्षीदार आहेस, आकडे तुझ्या हातचे आहेत. तसं लिहून दे, कागद मामलेदाराकडे जाईल. लाच खाणारा गुरव देवळात राहता कामा नये."

मी म्हटले, मला दोन दिवस द्या.

"दोन दिवस कशाला? बरं, घे. पण तुझ्याविषयी मी रत्नागिरीला चौकशी केली आहे, विठू. मॅट्रिक म्हणे." आणि ते चहा प्यायला लागले. मलाही चहा दिला. मी प्यायलो. चव आठवत नाही.

जूनची जागा. मांडवीला आई सगळ्यांना सांगत सुटली आहे की विठू मास्तर झाला. आणि समजा लाचच असेल तर? भात दिले हे खरे. कौलाआधी दिले हेही खरे. मी पुस्तिका पुन्हा वाचली. लाच हा शब्द तिच्यात एकदाही नाही. पगार चार वेळा आहे.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

झऱ्यावर गेलो. तुळसा कळशी भरत होती. मी सगळे सांगितले, मॅट्रिकचेसुद्धा. तिने ते ऐकलेच नाही असे वाटले. मी विचारले, लाच आणि पगार यांत फरक काय?

"चोरून देतात ती लाच. देवळासमोर मापून देतात तो पगार."

मी म्हटले, हे पुरणार नाही. उघड्यावरही लाच देता येईल.

तिने कळशी काठावर टेकवली, थोडा विचार केला. "लाच दिलेली मानसा काम नाय झाला तर काय करतात?"

"परत मागतात."

"आमी काय केला?"

मग डोक्यावर कळशी ठेवून ती निघाली. चार पावलांवर थांबून म्हणाली, "तुमाला काय लिवायचा ता लिवा, मास्तर. तुमी खोताकडं जेवताव, आमाला ठाऊक हाय. राग नाय."

राग नाही हे ऐकून मला जास्त त्रास का झाला, सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी, बुधवार

तीन कागद फाडले. चौथा दिला. त्याची नक्कल अशी:

"मी खाली सही करणार लिहून देतो की खालच्या वाडीच्या सतरा घरांनी ता. १३ डिसेंबर रोजी देवळासमोर, सर्वांसमक्ष, सपाट मापाने अडीच मण भात महिपत गुरव यांस एका वर्षासाठी दिले. ता. २७ डिसेंबर रोजी कौल भात देणाऱ्यांच्या विरुद्ध पडला. गुरवाने भात परत आणले. देणाऱ्यांनी ते परत घेतले नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले. त्याच दिवशी मे. खोतसाहेबांनी यापुढे कौल असाच घ्यावा असा शब्द दिला. सही, विठू, शिक्षण इंग्रजी पाचवी नापास."

खोतांनी कागद दोनदा वाचला.

"अक्षर सुंदर आहे तुझं," ते म्हणाले. "पाचवी नापास कशाला लिहिलंस?"

"आपण सांगणारच होतात, म्हणून."

तेवढ्यात कारभारी आत येऊन म्हणाला, खालच्या वाडीची, लोकल बोर्डाच्या मतदारांची यादी आली आहे, तेवीस नावे आहेत. खोतांनी ती यादी घेतली आणि माझा कागद तिच्याखाली ठेवला. मग मला म्हणाले, खोली रिकामी कर. ओरडले मात्र नाहीत. मला वाटले होते ओरडतील. का ओरडले नाहीत, याचा विचार करतो आहे.

७ मार्च, रविवार

अकरा रात्री चाचांच्या ओट्यावर झोपलो. कागद मामलेदाराकडे गेला नाही. पाखाडीचे दगड होते तिथेच पडून आहेत, बायका त्यांच्यावर कळश्या टेकवून विसावा घेतात. जुनी वाट बंदच आहे. ती पुन्हा कोणी मागितली नाही, देवाने नाही म्हटले आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू, असे शिवा म्हणतो.

मी आज निरोप घ्यायला गेलो होतो. खाडीवरची होडी सुटते ती वेळ साधून मांडवीला परत जायचे, असे ठरवले होते. देवळासमोर वर्गाची माणसे बसली होती, पंचवीसएक. महिपत गुरव आता पहिल्या रांगेत. मला वाटले निरोपासाठी जमली आहेत.

समोर भात होते. चाचांच्या हातात पायली.

"हे काय?" मी म्हटले.

"पगार," तुळसा म्हणाली. "एक सालाचा. दर रविवारी शिकवायचा. आमाला नाय आवडला असा शिकवलाव तरी कापनार नाय."

मी म्हटले, मी न्यायाधीश नाही. मॅट्रिकही नाही. मामलेदाराचा प्रश्न अजून मला सुटलेला नाही.

"तो सुटला की सांगा," शिवा म्हणाला. "सालभर हाय."

असे करता येते का, मला माहीत नाही. पुस्तिकेत मास्तराविषयी काहीच नाही. चाचांनी शेवटच्या पायलीवर तळहात फिरवला, कड सपाट केली, आणि माप माझ्याकडे सरकवले. म्हणाले, "मोज."

मी म्हटले, तुम्ही मोजलेत ना.

"तू पन मोज. सगळ्यांसमोर."

मी मोजले. बरोबर होते.